अकरावीतल्या मुलीला भावना आणि अभ्यास स्वतः सांभाळायला शिकवणारे ऑनलाइन कोर्स खरंच उपयोगी पडतात का?

पडतात, पण नुसते व्हिडिओ बघून नाही. सोबतचा गृहपाठ केला तरच.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्राध्यापक लॉरी सँटोस यांच्या कोर्सपासून सुरुवात करा. 2018 साली त्यांच्या आनंदाच्या मानसशास्त्राच्या वर्गाला विद्यार्थ्यांची झुंबड उडाली होती. त्याच विषयावरचा कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे, किशोरवयीन मुलांसाठी वेगळाही आहे. शिकवणं इंग्रजीत आहे, त्यामुळे पहिले एक-दोन भाग मुलीसोबत बसून बघा.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांचा एक साधा सराव आजपासूनच करता येईल. रोज रात्री, दिवसात चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. हा 'का' मुलं हमखास गाळतात, आणि खरा कस त्यातच आहे.

अभ्यासाच्या शिस्तीसाठी मला मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांची पद्धत जास्त पटते. आधी इच्छा ठरवायची, ती पुरी झाली तर काय मिळेल ते डोळ्यांसमोर आणायचं, मग आपल्या आतलाच अडथळा शोधायचा आणि त्यावर बेत आखायचा. "रोज अभ्यास करीन" हा बेत नव्हे. "जेवणानंतर हात मोबाइलकडे गेला, की मोबाइल आईकडे देऊन केमिस्ट्रीची वही उघडीन" हा बेत. अडथळा तिचा तिला शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

मात्र ती सतत उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर कोर्सवर विसंबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.