कळ्यांच्या फांदीला मुळं फुटत नाहीत त्याबद्दल (जास्वंदीपुरतं)

तुमची पोस्ट वाचून आमच्या परड्यातलीच जास्वंद आठवली. तुम्ही लिहिलंय, बेळगावजवळच्या खानापूरचं तुमचं जुनं घर पाडायचंय, आजीच्या हातची डबल जास्वंद वाचवायचीय, म्हणून गणपतीत कळ्यांनी लगडलेल्या फांद्या आणून लावल्या. पालवी आली, एक फूलही उमललं आणि मग काठ्या बुडापासून काळ्या पडत गेल्या, आता दोनच उरल्यात. ती पालवी मुळांची खूण नव्हती. फांदीत साठलेल्या अन्नावरही पानं फुटतात. आधी कळ्या तो साठा ओढतात, मग पानं, आणि मुळं फुटायच्या आत काठी रिकामी होते.

कुंडीला भोक, थेट ऊन नको वगैरे तुम्हाला माहीत असणारच, सोडून देते.

मला महागात पडला तो एका सरकारी कार्यालयातला सल्ला. आमचं झाड रस्तारुंदीत जाणार होतं. मुळं फुटायची पावडर मिळते का विचारायला गेले. आधी साहेब मीटिंगला. मग म्हणे शेताचा उतारा आणा. परड्यातल्या एका झाडाला कसला उतारा वो? कन्नडची अडचण नव्हती, मला नीट येतं. ऐकून घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. शेवटी झाड न बघता सांगितलं, ‘फुलं असलेलीच फांदी घ्या, लवकर फुलते.’ यात अर्धं खरं आहे आणि तेच घात करतं. जून फांदीचं रोप बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलावर येतं, हे बरोबर. पण त्यासाठी कापताना फांदीवर फूल असावं लागत नाही. हे कळेपर्यंत पावसाळा गेला आणि झाडही गेलं. असो.

तुमच्याकडे फुलांच्याच फांद्या असतील तरी चालेल. शेंड्याचा कोवळा, कळ्यांचा भाग टाकून द्या. त्याखालचा पेन्सिलीएवढा जाड, हिरवटपणा जाऊन तपकिरी होत आलेला तुकडा घ्या, सहा ते आठ इंचांचा. डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या पेराच्या, लगेच खाली कापा. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. पानांच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या लपलेल्या असतात, त्या नखानं खुडा. नंतर आलेली कळीही दिसली की काढा. इथं माया करायची नाही.

आपली तांबडी माती नुसती वापरू नका, पावसात ती दगडासारखी बसते. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं पुरतं. आयबीएची, म्हणजे तीच मुळं फुटायची, पावडर मिळाली तर चिमूटभर वेगळी काढून त्यात बुडवा, ओली काठी डबीत घालू नका. मध-दालचिनीवर माझा विश्वास नाही, कुणाला गुण आला असेल तर आनंद आहे. खानापूरकडच्या पावसात कुंडी वळचणीच्या आत ठेवा. अथणीकडे कोरडी हवा, तिथं वरून प्लॅस्टिकची पिशवी लागेल. महिनाभर तरी काठी उपटून बघू नका. बहुतेक जण तिथंच घालवतात.

मी शेतकी शिकलेली नाही आणि हे सगळं जास्वंदीचं. गुलाबाची फांदी फूल कोमेजल्यावर घेतली तर चांगली लागते. चाफ्याचं तंत्र उलटं: चीक सुकेपर्यंत काठी आठवडाभर सावलीत कोरडी ठेवायची, मगच लावायची.

उरलेल्या दोन काठ्यांची साल नखानं खरवडून बघा. आत हिरवं असेल तर काळा भाग कापून नव्या वाळूत लावा, तपकिरी असेल तर नाद सोडा. पण झाड अजून उभं आहे ना? मग काठ्यांच्या भरवशावर राहू नका, गुटी बांधा. जून फांदीची इंचभर साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, ओलं मॉस (शेवाळ) लावून प्लॅस्टिकनं घट्ट बांधायचं. प्लॅस्टिकमधून मुळं दिसली की खालून कापायचं. फांदीला झाडाकडून पाणी मिळत राहतं, त्यामुळं मुळांआधी ती सुकत नाही. पाडकाम दिवाळीनंतर असेल तर याच आठवड्यात बांधा, आणि एकच नको, तीन-चार फांद्यांना बांधा.