‘स्वतंत्र’, ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘तटस्थ’: लेखापरीक्षकासाठी कोणता शब्द?

लेखाव्यवसायाच्या आचारसंहितेचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘इंडिपेन्डन्स’ आणि ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ या दोन्हींसाठी ‘तटस्थता’ हा एकच शब्द चालेल का. माझ्या मते चालणार नाही, आणि त्याचे कारण संहितेतच आहे.

आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतील पाच मूलभूत तत्त्वांत ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ आहे, ‘इंडिपेन्डन्स’ मात्र नाही. पहिला गुण प्रत्येक लेखापालाकडे हवा. दुसऱ्याची अट लेखापरीक्षण आणि तत्सम कामांपुरती आहे. कंपनीच्या पगारावरचा लेखापाल तिच्यापासून स्वतंत्र असूच शकत नाही. तरीही न खपलेला, खराब झालेला माल जुन्याच किमतीला ताळेबंदात दाखवा असा वरून आग्रह झाला, तर मालाची आजची किंमत मालाकडे पाहूनच ठरवणे त्याला भाग असते. हीच वस्तुनिष्ठता, कारण येथे निष्ठा वस्तूवर आहे, ती दाखवणाऱ्यावर नाही. उलट, कंपनीशी काडीचाही संबंध नसलेला परीक्षक पहिल्याच भेटीतल्या ग्रहावरून बुडीत येण्यांबद्दल मत बनवून मोकळा झाला, तर तो स्वतंत्र असूनही वस्तुनिष्ठ ठरत नाही.

‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. परीक्षकाला तसे राहता येत नाही. त्याला हिशेबात उतरून अखेर स्वतःच्या सहीने मत द्यावे लागते. ‘निःपक्षपाती’ त्यामानाने जवळचा आहे, पण सगळेच पूर्वग्रह कुणाच्या तरी पक्षाचे नसतात.

खरी अडचण ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची आहे. ‘व्यावसायिक स्वातंत्र्य’ म्हटले की मुभा ऐकू येते, आणि संहितेत तर बंधनेच आहेत: ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे तिचे शेअर बाळगू नयेत, आपणच लिहिलेल्या वह्या आपणच तपासायला घेऊ नयेत. तरीही मी हा शब्द सोडणार नाही, कारण आपण ‘दुसऱ्याच्या तंत्राने चालणे’ म्हणतो त्यातले ‘तंत्र’च ‘स्वतंत्र’मध्ये आहे. त्याचा नेमका विरुद्धार्थी शब्द येथे ‘मिंधा’ हाच होय. (संहितेत तो शोभणार नाही, हे मान्य.) हिशेबांच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडून तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेला २००० साली लेखापरीक्षणापोटी सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्ल्यासारख्या इतर कामांपोटी त्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे २.७ कोटी. अशा ठिकाणी नकार जड का जातो, ते ‘मिंधा’ या एका शब्दात कळते.

संहिता या स्वातंत्र्याच्या दोन बाजू मानते, मनाची आणि दिसण्याची. दुसरीला ‘दिखाऊ’ म्हटले तर अनर्थ होईल. ‘दर्शनी स्वातंत्र्य’ मात्र चालावे, कारण शेअरच्या ‘दर्शनी किमती’मुळे (म्हणजे त्यावर नोंदलेल्या मूळ किमतीमुळे) हे विशेषण या व्यवसायात निर्दोष अर्थाने रुळलेले आहे. शेअर बाळगणाऱ्या परीक्षकाचे मत अगदी अचूक असले, तरी सर्व माहिती असलेल्या समंजस त्रयस्थाला त्याबद्दल शंका घ्यावीशी वाटली की दर्शनी स्वातंत्र्य गेलेले असते.