गाडी तापली की बंद पडते, क्रँक सेन्सर बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की जुनी डिझेल गाडी आहे, फोंड्याहून पणजीला जाताना इंजिन चांगलं तापलं की बाणस्तारीच्या आसपास चालता चालता बंद पडते, अर्धा-पाऊण तास थांबलं की काहीच झालं नाही अशी परत स्टार्ट होते, आणि मेस्त्री म्हणतो क्रँक सेन्सर इंजिनाच्या मागे बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावर आहे, तिथे हात जात नाही, गिअरबॉक्स खाली घ्यायला लागणार. आणि चवथीआधी गाडी हवीय. मी डिचोलीत गाड्यांच्या इलेक्ट्रिकची कामं करतो, हे काम नेहमीचं आहे, म्हणून सांगतो की बहुतेक गाड्यांत ह्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. मेस्त्री खोटं बोलतोय असंही नाही, त्याला भीती कशाची आहे ते पुढे लिहितो.

पण आधी सेन्सरच गेलाय हे नक्की करा, नाहीतर एवढी खटपट फुकट जाईल. हा सेन्सर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या बाजूला फिरणारे दात मोजतो, बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात, ती रिकामी जागा समोरून गेली की ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतं पिस्टन कुठे आहे आणि डिझेल कधी मारायचं. सिग्नल गेला की ईसीएम डिझेल बंद करतो. सेन्सरच्या आत बारीक तारेची कॉइल असते, ती जुनी झाली की तापल्यावर आतल्या आत तुटक होते आणि थंड झाल्यावर परत जुळते, तुमची गाडी जे करतेय ते असंच आहे. मात्र मेन रिले, डिझेलचा फिल्टर, इंजिनाची अर्थिंगची पट्टी ह्यांच्यामुळेही साधारण असंच होतं.

म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच तपासा, थंड झाल्यावर सगळं बरोबरच दिसणार. स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. सेल्फ नीट फिरतोय पण आरपीएम शून्यच, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर. स्कॅनरवर पी ०३३५ किंवा पी ०३३६ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला असेल तर तोच धागा. दोन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर काढून मल्टिमीटरने गरम असताना एकदा आणि थंड झाल्यावर एकदा ओम मोजा, गाडीप्रमाणे काही शे ओमपासून हजार-दीड हजारापर्यंत येतं, पण गरम असताना मीटर काहीच दाखवत नसेल तर मग प्रश्नच मिटला. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे कॉइलऐवजी आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला असतो, त्याला ओम लावू नका, त्यातून काही कळत नाही. वरून कुठून पोचत असेल तर थंड पाण्यात भिजवलेला कपडा सेन्सरला लावून दोन मिनिटांत गाडी स्टार्ट होते का तेही बघता येतं, हे आमच्याकडे सगळे करतात आणि त्यातून खूप कळतं.

आता हात पोचवायचं. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे मी आग्रहाने सांगतोय कारण ह्या सेन्सरच्या शेजारीच बहुतेक वेळा सेल्फ असतो आणि त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, मधे फ्यूजही नसतो कित्येक गाड्यांत, पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर पाना तिथेच चिकटतो आणि हात भाजतो. मग एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा पाइप काढा, निम्म्या गाड्यांत एवढ्यानेच वाट मोकळी होते. नाही झाली तर खालून इंजिन गार्ड काढून बघा, आणि तरीही नाही तर सेल्फ काढा. दोन-तीन बोल्टांवर असतो, गिअरबॉक्सच्या मानाने ते काहीच काम नाही. खाली शिरणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून शिरू नका, स्टँड लावा किंवा खड्डा असलेल्या गॅरेजमधे न्या. दिसत नसेल तर मोबाइल आत घालून व्हिडिओ काढा, बोल्ट कुठल्या दिशेला आहे ते एकदा डोक्यात बसलं की मग बोटं आपोआप जातात. बोल्ट एकच असतो आणि लहान, बऱ्याचदा १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते, लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावून. बसवताना गोटीत चिमूटभर ग्रीस घाला म्हणजे बोल्ट गळून पडत नाही.

खरा त्रास बोल्ट निघाल्यावर सुरू होतो. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आपल्याकडची दमट खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे भोकाच्या आत पांढरी भुकटी धरते आणि सेन्सर असा आवळून बसतो की ओढून हलत नाही. इथेच लोक स्क्रूड्रायवर घालून उचकटतात, प्लॅस्टिक मोडतं, वरचा भाग हातात आणि खालचा भोकात. तो उरलेला तुकडा हातोडीने आत ठोकला तर फ्लायव्हीलवर जाऊन पडतो, आणि मग मात्र गिअरबॉक्स खरंच उतरवावा लागतो. तुमच्या मेस्त्रीला हीच भीती असणार.

म्हणून ओढायचं नाही, आधी फिरवायचं. सेन्सरच्या कडेला डब्ल्यूडी-४० किंवा तसलंच दुसरं ऑइल थोडंसंच सोडा आणि रात्रभर राहू द्या. थोडंसंच का, तर आत क्लच प्लेट आहे, ऑइल तिच्यावर गेलं तर क्लच घसरायला लागेल आणि एकाच्या जागी दोन कामं होतील. सकाळी सेन्सरचा बोल्ट बसतो तो कान पक्कडीत धरून केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे, असं करत राहा. सुरुवातीला काहीच हलत नाही, मग बारीक कर्र असा आवाज येतो, तो आला की समजा भुकटी सुटली. तरी नाही तर हीट गनने बाजूचं ॲल्युमिनियम गरम करा, ते फुगतं आणि पकड सैल होते, पण गॅसची ज्योत तिथे अजिबात नको, डिझेलचे पाइप जवळच असतात. आणि मोडलाच तर उरलेल्या प्लॅस्टिकमधे एक लांब स्क्रू हळूच पिळून बसवा आणि तो स्क्रू धरून फिरवत वर ओढा.

सेन्सर बाहेर आला की टोक बघा. लोखंडाचा काळा चुरा चिकटलेला असतो, लोक आमच्या खाणींच्या लाल धुळीला दोष देतात पण तो चुरा बहुतेक वेळा रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेचे दात) आणि सेल्फच्या पिनियनचा (त्यांना फिरवणाऱ्या लहान गिअरचा) असतो. भोक बारीक पॉलिश पेपरने साफ करा, आत ग्रीस लावलेली चिंधी धरून, म्हणजे भुकटी खाली पडणार नाही, आणि शेवटी चिंधी आठवणीने काढा. नवीन सेन्सरच्या ओ-रिंगला ऑइलचं बोट फिरवा, हाताने दाबून पूर्ण बसवा आणि मगच बोल्ट लावा. बोल्टाने ओढून बसवायला गेलात तर कान तुटतो. बोल्टाला ८ ते १० न्यूटन मीटर पुष्कळ झालं. खाली वॉशर घालू नका, दातांपासूनचं अंतर मिलिमीटरभर असतं, तेही वाढलं तर सिग्नल कमजोर होतो. गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टने इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, काही घासत नसेल तर मगच सेल्फ मारा.

कपलर मात्र नीट बघा, मला तर निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. पितळेच्या भांड्याला येते तसली हिरवी कळक पिनांवर असेल तर नवा सेन्सरही महिनाभरात त्रास देईल. पिना साफ करा, वायर कळकली असेल तर कपलर वायरीसकट नवीन जोडा, आणि पावसात उंदरांनी कुरतडली नाही ना तेही बघा. वायर जुन्याच क्लिपांमधून न्या. सैल सोडली तर एक्झॉस्टला टेकून जळते, आणि वायरीवरची धातूची जाळी तुटली असेल तर आल्टरनेटरची खरखर सिग्नलमधे शिरते.

सेन्सर ओरिजिनल किंवा गाडी बनवताना कंपनीला जो पुरवतो त्याच मेकचा घ्या, जुना सोबत नेऊन लांबी आणि कपलर जुळवून. एवढ्या अडचणीच्या जागी स्वस्तातला घालून परत तेच उघडायचं हे मला पटत नाही. काही गाड्यांत नंतर स्कॅनरने क्रँक लर्निंग, म्हणजे ईसीएमला नव्या सेन्सरची ओळख करून द्यायला लागते. काम झालं की गाडी चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटात चढवून चांगली तापवा, बंद करा, लगेच स्टार्ट करा. तिथेही बंद पडली तर रिले आणि डिझेलची लाइन बघायची. गाडीचं मॉडेल आणि साल लिहिलंत तर सेल्फ काढावा लागेल की वरूनच हात जाईल ते सांगायचा प्रयत्न करतो.