त्याच झाडाकडे परत जायचं

अगं, तुझा मेसेज वाचला, नाशिकजवळच्या हरसूलकडचे साग जळल्यासारखे दिसतायत, मेले बहुतेक, असं लिहिलंयस. फोटो मोठा करून बघितला मी. पानाच्या शिरा शाबूत आहेत, मधला हिरवा भाग गेलाय, नुसती जाळी उरलीय. म्हणजे पानं खाणारी अळी आहे, पावसाळा संपत आला की दिसते, लांबून अख्खा डोंगर तांबडा वाटतो. घाबरू नकोस, मोठा साग यानं सहसा मरत नाही, वाढ मात्र कमी होते. किती कमी, ते एका फेरीत कुणालाच सांगता येत नाही, त्याच झाडाच्या घेराचा मागच्या वर्षीचा आकडा हाताशी लागतो.

तो आकडा तू यंदा तयार कर. वनखात्याची परवानगी काढ, एक रेघ धरून चाल आणि वाटेत येईल ते झाड घे, साग, ऐन, खैर, मोह, काहीही, नुसती देखणी झाडं निवडलीस तर सगळं जंगलच ठणठणीत वाटेल. जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर मोजायचा, उतारावर असशील तर वरच्या बाजूला उभं राहून ही उंची धरायची, आणि टेप लावला तिथेच रंगाचा पट्टा मारायचा. मी पहिल्या वर्षी पट्टा मारला नव्हता. दुसऱ्या वर्षी पेठ रस्त्याकडच्या एका ऐनाचा घेर दीड सेंटीमीटरने कमी भरला, टेप चार बोटं वर गेला होता. दोन वर्षांची मेहनत गेली, अजून जिवाला लागतं. दरवर्षी त्याच झाडांकडे परत जायचं, महिनाही तोच ठेव, उन्हाळ्यात खोड जरा आक्रसतं, पावसात फुगतं, आणि मार्चमधे साग बोडका दिसला तर तो आजारी नसतो, त्याची पानगळच तेव्हा असते.

मग मान वर करून शेंडा बघ. वरून फांद्या वाळत येतायत का, बांडगूळ किती चढलंय, बुंध्याशी भुसा पडलाय का, कुणी साल काढलीय का. युरोपात 1985 पासून देशोदेशी अशी पाहणी चालू आहे, तिथेही पानं किती गेली ते नजरेनेच ठरवून 5-5 टक्क्यांच्या टप्प्यात लिहितात, म्हणून आपण दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग ताडून बघायचं. झाड मेलं तर वहीतून खोडू नकोस हं, कधी आणि कशाने ते लिही, तीच नोंद सगळ्यात मोलाची.

रविवारी सकाळी सहाला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला भेटू. टेप तू घे, पिवळा ऑइलपेंट मी आणतो.