‘मीच’मधला ‘च’

“मॅडम, सत्र संपायला आलं की कॉलेजचं गेट दिसलं तरी छातीत धडधडते.”

दिवाळीच्या सुट्ट्या संपतात, हिवाळी परीक्षा तोंडावर येते आणि माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या प्राचार्य मंडळींकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने दरवर्षी ऐकू येतं. विद्यापीठ नागपूरचं असो, अमरावतीचं असो की गोंडवाना, तालुक्याच्या कॉलेजातला हा आठवडा सगळीकडे सारखाच असतो. पुढची हकिकत दोन-तीन जणांची मिळून एक केली आहे. ओळखी पुसल्या आहेत.

सर छप्पन्न वर्षांचे. कॉलेज वऱ्हाडातलं, बीपीची गोळी चालू. पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून वाचली. अंतर्गत गुण पोर्टलवर भरायची मुदत शुक्रवारची. प्रात्यक्षिकाच्या एका बहिस्थ परीक्षकाने ऐन वेळी नाही म्हटलेलं. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलेले. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरच्या आत पाठवायचा. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची बिलं. शिवाय ‘आपल्या माणसाच्या’ पोराची हजेरी भरत नाही म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचा फोन.

“सगळं मलाच पाहावं लागते. दुसऱ्यावर सोडलं की गोंधळ झालाच समजा.”

या वाक्यातले दोन्ही ‘च’ मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. माणसाचा ताण शब्दांच्या शेपटीला लटकलेला असतो, असं माझं मत आहे.

आधी गर्दी होते कशामुळे ते पाहू, कारण निम्मी चिडचिड ‘लोक कामचुकार आहेत’ या समजातून येते. सत्रात अध्यापनाचे ९० दिवस धरलेले असतात. पण प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. मग पोळा, महालक्ष्म्या, दसरा. त्यातच सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी. वेचणीला पोरं-पोरी जातातच, घरचं वावर नसेल तर दुसऱ्याच्या वावरात मजुरीने. ७५ टक्के हजेरी कागदावर राहते. पलीकडून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यावर निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे. म्हणून गुणांची मुदत ताणली जात नाही. चार महिने मागे सरकलेलं सगळं या एका आठवड्यात गोळा होतं. वार्षिक पद्धतीत हे वर्षातून एकदा यायचं, आता दोनदा येतं.

सरांना एक वही करायला सांगितलं. कॉलेजात आवक-जावक असते, तशी स्वतःची. कोण आलं, कशासाठी आलं, आणि ‘तुम्ही त्या दिवशी नागपूरला असता तर काय झालं असतं?’

पुढच्या भेटीत वही आली. सोमवारच्या एका दिवसात ४१ नोंदी. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी लिहिलं होतं, ‘थांबलं असतं’. एक नाव तीनदा दिसलं. लेखनिक, विषय टोनर.

“तीनदा काहून आला तो?”

“विचारायला. आणू का म्हणून.”

“टोनर आणायला परवानगी लागते?”

“लागत नाही ना जी. पण दोन वर्षांमागं न विचारता आणला होता, तवा मी लय बोललो त्याला. स्टाफरूमसमोर.”

दारासमोरची रांग कशी लागली, ते इथे अर्धं कळलं. बाकीचं अर्धं कळायला आणखी दोन भेटी गेल्या. दोष सापडायचं भय सरांच्या मनात इतकं का, हा माझा प्रश्न होता. शेवटी ती गोष्ट बाहेर आली. मागे एका विषयाचे २३ विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण चढलेच नाहीत, निकालात सगळे गैरहजर लागले. पालक कॉलेजात जमले. तेव्हापासून प्रत्येक आकडा सर स्वतः पाहतात.

“त्या दिवशी एन्ट्री कोण करत होतं?”

पंखा फिरत होता. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

“रात्रीचे अकरा वाजले होते. सगळ्यांना घरी पाठवलं होतं. शेवटचं पान राहिलं अन् फायनल सबमिट दाबलं.”

“कोणी?”

“मीच.”

हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता तर तो आरोप वाटला असता. वही भरून झाल्यावर विचारला, म्हणून त्याचं उत्तर त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकता आलं. ज्या चुकीच्या धाकाने ते सगळं एकट्याने करत होते, ती चूक एकट्याने केल्यामुळेच झाली होती. सर हसले. पहिल्यांदाच.

त्यानंतर जे ठरलं ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. गुण भरताना माणसं दोन हवीत. एकाने गुणपत्रकातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. कच्ची प्रिंट विषय शिक्षकाने ओळ न् ओळ ताडून सही करायची. शून्य आणि गैरहजर यांची वेगळी यादी करायची, जुन्या अभ्यासक्रमाच्या पुनर्परीक्षार्थींची आणखी वेगळी, कारण विषयाच्या कोडचा घोळ तिथेच होतो. प्राचार्यांनी दर विषयाची कोणतीही पाच नावं तपासायची आणि फायनल सबमिटचं कुलूप सकाळी अकराला लावायचं, मुदतीच्या तीन दिवस आधी. शेवटच्या रात्री साइट रेंगाळते आणि माणूसही.

परीक्षकांना आठ दिवस आधी फोन करायचा, पर्यायी नाव विद्यापीठाकडून आधीच मंजूर करून घ्यायचं. प्रश्नपत्रिका ऑनलाइन उतरवायची असेल तर दोन प्रिंटर, एक जास्तीचा टोनर आणि जनरेटरमध्ये डिझेल आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवायचं. हजेरीचा हिशेब सप्टेंबरअखेर लावून घरी कळवायचं. नोव्हेंबरात कळवलं तर पोरगी वावरात असते आणि बाप पाया पडायला येतो.

अध्यक्षांच्या फोनला एक वाक्य पाठ करून घेतलं: “साहेब, हजेरीपत्रक पाहून उद्या दुपारी सांगतो.” हो नाही, नाहीही नाही. माझ्या मते या वाक्याने सरांची झोप सगळ्यात जास्त वाचवली.

एक मात्र बजावते. धडधडीसोबत छातीत दुखणं, घाम, दम असेल तर समुपदेशन नंतर, आधी दवाखाना. झोप सलग दोन आठवडे गेली असेल आणि गावात कोणी नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर सर पुन्हा आले. वहीत दिवसाच्या १५-१६ नोंदी.

“लेखनिकानं न विचारता टोनर आणला. चुकीच्या मॉडेलचा.”

“मग?”

“ओरडलो ना मी. अर्ध्यात थांबलो.”

“आणि टोनर?”

“तोच जाऊन बदलून आला. बिलावर सही केली, बाप्पा.”