मनातला माग

प्रश्न : बाई, माझे आजोबा नव्वदीचे आहेत. १९५५ साली ते गोव्याच्या सत्याग्रहात गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन आले, एवढंच घरात माहीत. विचारलं की विषय बदलतात. अजूनही रात्री दार आपटलं की ताडकन उठून बसतात. मी मात्र स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले तर महिनाभर अंथरुणातून उठले नाही. ती माणसं वेगळ्याच मातीची होती का? एवढं बळ त्यांनी आणलं कुठून?
– एक नात, खानापूर तालुका

उत्तर : बाळ, तुझं पत्र वाचून मी आधी माझ्या वडिलांचा धोटा, मागावर आडवं सूत फेकायचं ते लाकडी साधन, कपाटातून काढला. तो समोर ठेवूनच लिहिते आहे.

वडील बेळगावातल्या शहापूरचे विणकर. तेही त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर गेले आणि पकडले गेले. १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला तेव्हा ते कोठडीत होते. घरी आले १९५७ साली. मी नऊ वर्षांची. मला आठवतात ते त्यांचे हात. कोठडीत तळहातांवर लाकडी फळीनं मारत. बोटं मिटायची नाहीत. धोटा फेकायला गेले की तो मागाखाली पडायचा आणि आई काही न बोलता वाकून उचलून द्यायची. एका दुपारी मी मोजलं, अकरा वेळा. मग त्यांनी धोटा ठेवला, आईचा रहाट ओढून घेतला आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरू लागले. ते बायकापोरांचं काम. पण दोन बोटांत सूत धरता येत होतं, तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. माग नीट चालायला वर्ष गेलं.

ते एकदाच बोलले, माझं लग्न झाल्यावर. ‘पोरी, तिथं मी मनात ताणा, मागावरचे उभे धागे, लावायचो. काठाचा एकेक धागा मोजायचा. बूट वाजले की आकडा चुकायचा. मारून परत आणून टाकलं की पुन्हा पहिल्यापासून.’ आपण ओरडलो, रडलो, आईला हाका मारल्या, हेही त्यांनीच सांगितलं. वेगळी माती नव्हती ग.

गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांचं नाव तू ऐकलं असशील. गोव्यातल्या बेतीच्या पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना थेट पोर्तुगालला, लिस्बनजवळच्या किल्ल्यातल्या तुरुंगात नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला, ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये! ज्यासाठी आत गेलो ते काम झालं, आणि दार बंदच. मला ही सात वर्षं मारापेक्षा जड वाटतात. पण बाहेर त्यांचं नाव घेणारे गप्प बसले नाहीत. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर पोपकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. आतला माणूस टिकतो त्यात बाहेरच्यांचाही वाटा असतो. आईनं अकरा वेळा वाकून उचललेला धोटा मी त्यातच धरते.

तुझा महिना आजोबांच्या माराशी तोलू नकोस. महिन्यानं का होईना, उठलीस ना? आता दिवसाला एकच धडा घे. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

आजोबांना खोदून विचारू नकोस. दाराच्या चौकटीला कापडाची घडी लाव, म्हणजे आपटणार नाही. तरी उठले तर दिवा लाव, ‘आजोबा, मी आहे, वारा होता’ म्हण आणि पाणी दे. झोप फारच मोडत असेल तर बेळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. या वयात काय, असं घरात कुणी म्हणालं तरी ने.

आणि दुपारी शेंगा फोडायला त्यांच्याजवळ बस. वडील माझ्याशी बोलले ते कांड्या भरता भरता, माझ्याकडे न बघता.