जाऊबाई, पाण्याची मोटर आणि प्रभुभोजन

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. आमचं घर दोन मजली, खाली मोठ्या जाऊबाई, वर आम्ही. नळाला दिवसाआड पाणी येतं आणि त्या डायरेक्ट नळाला मोटर लावतात, मग वर करंगळीएवढीसुद्धा धार येत नाही. बोलायला गेलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. सासूबाई गेल्या (शेवटची चार वर्षं त्या खालीच होत्या) त्या दिवशी पाहुण्यांसमोर मला म्हणाल्या, "आता आलीस होय रडायला." दोन वर्षं झाली, ते वाक्य डोक्यातून जात नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी (चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतो तेव्हा) त्या नेमक्या माझ्या पुढच्या बाकावर, प्याला हातात घेतला की समोर त्यांची मान दिसते आणि मनात नको नको ते येतं. मागच्या महिन्यात पाळकसाहेबांनी उपदेशात सिस्टर राणी मारियांच्या बहिणीचं उदाहरण दिलं, ते ऐकून तर आणखीनच लाज वाटली. मी ढोंगी आहे का?
— एक बहीण, अहिल्यानगर

उत्तर : ढोंगी माणूस त्या मानेबद्दल चकार शब्द काढत नाही हो, तुम्ही तर सगळं लिहून पाठवलंत.

आधी त्या उदाहरणाचं बघू, कारण व्यासपीठावरून असल्या गोष्टी पाच मिनिटांत सांगून होतात आणि ऐकणारा उगाच स्वतःला खुजा समजायला लागतो. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात गरीब आदिवासींमध्ये काम करायच्या, लोक सावकाराच्या तावडीतून सुटावेत म्हणून धडपडायच्या, ते काहींना खुपलं आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून जाताना समुंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना चाकूने भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच, त्या नंतर जाऊन त्याला राखी बांधून आल्या. २०१७ मध्ये कॅथलिक चर्चने राणी मारियांना इंदूरमध्ये धन्य (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. आता यातल्या दोन गोष्टी उपदेशात हमखास राहून जातात. एक म्हणजे, खून आणि राखी यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेली, दुसऱ्या दिवशी नाही कोणी राखी घेऊन गेलं. आणि राखी बांधली ती तुरुंगात, म्हणजे कोर्टाने आपलं काम केलेलं होतं. तुमची दोनच वर्षं झालीत आणि तुम्ही आत्ताच स्वतःला नापास करून मोकळ्या.

आता तुमचं. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन तुम्हाला पाठ असणार, आपल्याला संडेस्कूलपासून पाठ असतं. पण नीट वाचा, तिथे काय आठवलं तर? तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं नाही, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, हे आठवलं तर! मी स्वतः कित्येक वर्षं हे उलटं वाचत होते, खोटं कशाला बोलू.

तर जाऊबाईंच्या मनात काय असेल? मला त्या माहीत नाहीत, पण तुमच्याच पत्रात कंसात एक ओळ आहे. सासूबाई शेवटची चार वर्षं खाली होत्या. चार वर्षं अंथरुणातल्या माणसाचं करणं म्हणजे काय असतं, रात्रीचं उठणं, बेडपॅन, कुठल्या लग्नाला जाता येत नाही, आणि वर पाहुण्यांनी विचारायचं की आईंना खायला नीट देता ना. त्या अंथरुणाला खिळून होत्या की हिंडत्याफिरत्या ते तुम्ही लिहिलं नाहीये, मी धरून चालतेय, चुकत असेन तर सोडून द्या. पण ते वाक्य त्या चार वर्षांतून आलेलं असलं तर? बोलायची ती वेळ नव्हती, पद्धतही वाईटच. तरी एकदा वर बोलावून (किंवा खाली जाऊन, तेच बरं) एवढंच म्हणा की वहिनी, आईंचं तुम्ही केलंत, आम्ही कमी पडलो. खरं असेल तरच म्हणा हां. त्या रडतील किंवा आणखी चार शब्द ऐकवतील, दोन्हीची तयारी ठेवून जा.

पाण्याचं त्याच दिवशी काढू नका. ते वेगळं, आणि ते काढायचंच आहे, प्रीती करा म्हणजे हंडे रिकामे ठेवा असं कुठे लिहिलेलं नाही. पहिला अर्धा तास वर, मग खाली मोटर, असं भावाभावांनी बसून ठरवावं, नाहीच जमलं तर वेगळं कनेक्शन घ्यावं. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं, पुढचं तुमच्या हातात नाही.

आणि त्या तुम्हाला आवडायलाच पाहिजेत असंही नाही. वैऱ्यांवर प्रीती करा म्हटल्यावर लगेच पुढे प्रभू सांगतो काय, तर ऊन आणि पाऊस, देव चांगल्यावाईट दोघांवर पाडतो. आपल्या दुष्काळी नगरकरांना याचा अर्थ वेगळा समजवायला नको. रोजच्या गरजेच्या गोष्टी, समोरच्याची लायकी न बघता. जाऊबाई आजारी पडल्या तर डबा खाली जायला हवा, मग तो देताना तोंड जरा वाकडं असलं तरी चालेल, तोंड हळूहळू सरळ होतं.

प्रश्न : वैऱ्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय मागायचं? माझ्या तोंडून "प्रभू, त्याला चांगला धडा शिकव" एवढंच निघतं.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तेच म्हणा. बायबलातलं स्तोत्र १०९ उघडून बघा, तिथला भक्त तर वैऱ्याची मुलं अनाथ होवोत इथपर्यंत जातो. देवाजवळ बोललेलं बरं, मंडळीच्या (आपल्या चर्चच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलण्यापेक्षा. मग आमेन म्हणायच्या आधी त्याचं नाव घेऊन एक साधी गोष्ट मागा, त्याची शुगर, त्याच्या मुलाची नोकरी, काहीही. काय मागावं ते सुचत नसेल तर त्याचा अर्थ त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहिती नाही, फक्त त्याने आपल्याला काय केलं तेवढंच माहितीये.

प्रश्न : माझी मुलगी जावयाचा मार खाऊन तिसऱ्यांदा माहेरी आलीय. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, प्रीती सर्व काही सहन करते, तिला परत पाठवा. काय करू?
— एक आई, पिंपरी

उत्तर : पाठवू नका.

ते वचन पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, तेराव्या अध्यायातलं; त्या बायकांना त्याच्या आधीची ओळ वाचायला सांगा, प्रीती अनीतीत आनंद मानत नाही. नासरेथात लोक येशूला डोंगराच्या कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, लूकच्या चौथ्या अध्यायात आहे, तिथे थांबून त्याने मार खाल्ला नाही. जावयावर प्रीती करायची तर त्याचा हात थांबवणं हेसुद्धा त्यातच आलं, आणि तो प्रार्थनेने थांबेपर्यंत मुलगी तिथे ठेवायची नसते. १८१ वर फोन करा, महिलांची हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, त्यासाठी आधी घटस्फोट वगैरे घ्यावा लागत नाही. मार लागलाय तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, फोटो काढून ठेवा. क्षमेचं तिला आत्ता कोणीही विचारू नये, तुम्हीसुद्धा नाही. तिला आधी झोपू द्या.